छातीत चमक, कागदावर ‘ॲबनॉर्मल’

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. अभ्यासिकेत पंख्याचा आणि पानं उलटण्याचा आवाज. खुर्चीत वाकून बसून तीन तास झालेत आणि अचानक डाव्या बाजूला, छातीत, सुई टोचल्यासारखी कळ येते. श्वास घ्यायला जावं तर अजून टोचतं. तुम्ही हलत नाही. शेजारच्या मित्राला सांगत नाही. हळूच मोबाइल काढता आणि गूगलला विचारता. गूगल तर बसलेलंच असतं तुम्हाला घाबरवायला.

असं झालंय ना कधीतरी? झालं नसेल तर तुमच्या रूम पार्टनरला विचारा. दहातल्या दोघातिघांना तरी झालेलं असतं, फक्त कुणी बोलत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात ही भीती आता नुसती गूगलवरची राहिलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये परंड्याच्या एका कॉलेजात निरोप समारंभ सुरू होता. वीस वर्षांची एक विद्यार्थिनी भाषण करत होती. हसत होती, समोरच्यांना हसवत होती. बोलता बोलता ती थांबली आणि कोसळली. दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. तो व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला असेल. देशभर फिरला तो. त्यावर कमेंट करणाऱ्यांनी पाच मिनिटांत कारणंही शोधून काढली. लहानपणी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली होती, असं घरच्यांनी सांगितल्याचं बातम्यांत आलं होतं. तो भाग मात्र फॉरवर्ड करताना बहुतेकांनी गाळला.

असं काही घडलं की पोरांचे दोन गट पडतात. एक गट छातीत जरा टोचलं की ईसीजी काढायला पळतो. दुसरा गट खरोखर काहीतरी होत असतानाही गप्प बसतो, कारण पुढच्या महिन्यात ग्राउंड आहे. हा लेख दोघांसाठी आहे, आणि दुसऱ्या गटासाठी जरा जास्त.

आधी पहिल्या गटाचं बघू. विशी-बाविशीत छातीत दुखतं त्याचं कारण बहुतेक वेळा हृदयात नसतंच. छातीत हृदयाशिवाय बऱ्याच गोष्टी आहेत. बरगड्या आहेत, त्यांच्यामधले स्नायू आहेत, अन्ननलिका आहे, फुप्फुसं आणि त्यांचं आवरण आहे. अभ्यासिकेतल्या त्या सुईसारख्या कळेला डॉक्टरांकडे नावसुद्धा आहे, ‘प्रीकॉर्डियल कॅच’. मिलर आणि टेक्सिडोर नावाच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये तिचं वर्णन केलं. वाकून बसलेलं असताना येते, एका बोटानं दाखवता येईल इतक्याच जागी टोचते, श्वास घेतला की वाढते आणि काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत, आली तशी जाते. तिला औषध नाही आणि तिच्यानं काही बिघडतही नाही. सरळ बसा, हळूहळू श्वास घ्या. झालं.

दुसरं कारण बरगड्यांचं. बरगडी जिथं छातीच्या मधल्या हाडाला जोडली जाते तिथला कूर्चेचा सांधा दुखावतो. जिममध्ये पहिल्याच आठवड्यात ताकदीबाहेर बेंच प्रेस मारला, खोकला पंधरा दिवस टिकला, गोळाफेकीचा सराव जास्त झाला, की हे होतं. ओळखायची खूण सोपी आहे. बोटानं नेमकं तिथं दाबलं की ‘आई गं’ निघतं. हृदय असं बोटानं दाबून दुखत नाही.

तिसरं, जळजळ. सकाळपासून चार चहा, मेसला दांडी, रात्री अकराला वडापाव आणि लगेच आडवं. मग छातीच्या मधोमध आग होते, घशाशी आंबट येतं. यावर वेगळं काय सांगायचं! तुमची आई सांगतेच फोनवर रोज.

आणि चौथं, जे कुणी मान्य करत नाही. टेन्शन. एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, घरून पैसे येतात त्याचं ओझं, निकाल लागून जॉइनिंग नाही. एखाद्या रात्री छाती आवळल्यासारखी होते, धडधड वाढते, हातापायाला मुंग्या येतात, आता आपण मरतो असं वाटतं. हा पॅनिक ॲटॅक. बहुधा दहाएक मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. ‘काही नाही, मनाचे खेळ’ असं म्हणून त्याला उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. दुखणं खरंच असतं, शरीरात खरंच होत असतं, आणि त्यावर उपचारही आहेत. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथं जाणाऱ्याला वेड लागलेलं नसतं. तो फक्त शहाणा असतो.

आता कागदाकडे वळू. घाबरून तुम्ही ईसीजी काढला. मशीनमधून पट्टी बाहेर आली आणि वर इंग्रजीत छापलंय, ‘ॲबनॉर्मल ईसीजी’. बघूनच निम्मा जीव गेला. तेवढ्यात कुणीतरी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेला असतो.

थांबा जरा. ती ओळ डॉक्टरांनी लिहिलेली नाही. मशीनमधल्या सॉफ्टवेअरनं लिहिली आहे. बऱ्याच मशीन तिथंच बारीक अक्षरात ‘अनकन्फर्म्ड’ असंही छापतात, म्हणजे डॉक्टरांनी अजून बघितलेलं नाही. आपण ते बारीक अक्षर वाचत नाही. हे सॉफ्टवेअर मुद्दाम जरा भित्रं ठेवलेलं असतं. खरा आजार सुटून जाण्यापेक्षा चार जणांना उगाच घाबरवलेलं बरं, हा त्याचा हिशेब. शिवाय तरुणांच्या ईसीजीत काही गोष्टी मुळातच ‘वेगळ्या’ दिसतात. श्वास घेताना ठोके वाढतात आणि सोडताना कमी होतात, हे तरुणांत अगदी नेहमीचं. मशीन त्याला ‘सायनस ॲरिथमिया’ म्हणतं आणि आपल्याला फक्त शेवटचा शब्द दिसतो. रोज पहाटे धावणाऱ्या मुलाचे ठोके बसल्या जागी मिनिटाला पन्नास असू शकतात. मशीन लिहितं ‘ब्रॅडिकार्डिया’. अंगानं बारीक असलात तर छातीची भिंत पातळ असते, म्हणून लाटा उंच उमटतात. मशीनला वाटतं हृदयाची भिंत जाड झाली. तरुण मुलग्यांत पट्टीतला एक भाग जरा वर उचललेला दिसतो, तोही बहुतेकदा निरुपद्रवी. बऱ्याच तरुण मुलींत सुरुवातीच्या दोन-तीन लीडमध्ये एक लाट उलटी असते, आणि तीही बऱ्याचदा त्यांच्यापुरती नॉर्मलच असते.

त्यात वायर लावणाऱ्यानं घाई केलेली असली तर विचारूच नका. डाव्या हाताची वायर उजव्या हाताला गेली तरी पट्टी बिघडते. छातीवरचे चोषक बोटभर वर लागले तरी बिघडते. मुलींच्या बाबतीत संकोचापोटी हे वरचेवर होतं. म्हणून पट्टीत काही विचित्र दिसलं, की चांगला डॉक्टर आधी म्हणतो, ‘पुन्हा काढा.’

टू-डी इकोचंही तसंच. रिपोर्टमध्ये ‘ट्रिव्हियल टीआर’ असं काहीतरी असतं. एका झडपेतून नावापुरती गळती, एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या धडधाकट माणसांतही ती दिसते. पण गावात बातमी पोचते ती ‘पोराच्या हृदयाचा व्हॉल्व्ह लीक आहे’ अशी. मुलगी असेल तर लग्नापर्यंत ही बातमी तिचा पिच्छा सोडत नाही. रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका, हे मी एवढ्यासाठीच सांगतोय.

मग कागद नॉर्मल आला म्हणजे सुटलो का? तेही नाही. साधा ईसीजी म्हणजे तुमच्या हृदयाची दहा सेकंदं, तीही निवांत पडलेलं असतानाची. तुमची तक्रार धावताना असेल तर त्या दहा सेकंदांना ती कुठून कळणार? जून २०२१ मध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. मोठ्या क्लबांतून खेळलेला, वर्षानुवर्षं हृदयाच्या तपासण्या झालेला खेळाडू. तेव्हा कागद नॉर्मल असो की ॲबनॉर्मल, डॉक्टरांना त्याच्याइतकीच महत्त्वाची असते ती तुमच्या दुखण्याची गोष्ट. कधी दुखतं, काय करताना दुखतं, किती वेळ दुखतं, आणि तेव्हा आणखी काय होतं. ती सांगायला तुम्ही लाजलात किंवा त्यात खोटं घुसवलंत, तर लाखाची मशीनसुद्धा आंधळी.

इथं दुसरा गट येतो. भरतीवाले.

पहाटे पाचला धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठल्याही मैदानावर जा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सारिका काळेसारखी खो-खोची अर्जुन पुरस्कार विजेती घडवणारा हा जिल्हा. इथं पळणं नवं नाही. पण भरतीचं पळणं निराळं असतं. त्यात घरची शेती, बहिणीचं लग्न, वयोमर्यादा सगळं पळत असतं. मग तिसऱ्या राउंडला छाती आवळते तेव्हा पोरगं मास्तरांना सांगत नाही. सांगितलं आणि ‘हार्ट’ असं काही निघालं तर मेडिकलला उडवतील, ही धास्ती. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटर धावताना अनेक उमेदवारांचे जीव गेले. आपल्याकडेही भरतीत धावताना मृत्यू झालेले आहेत.

तर आता नीट वाचा. जे दुखणं पळताना, जिने चढताना, पोती उचलताना येतं आणि थांबलं की जातं, ते अभ्यासिकेतल्या सुईच्या जातीचं नाही. ते हृदयाचं असू शकतं. बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, आख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवून ‘इथं दाबल्यासारखं’ असं सांगावं लागतं, तेही तसंच. पळता पळता भोवळ येऊन पडलात तर ती अशक्तपणाची चक्कर समजू नका. उन्हात रांगेत उभं राहून चक्कर येणं वेगळं आणि ऐन पळताना शुद्ध जाणं वेगळं. दचकल्यावर, मोठा आवाज झाल्यावर किंवा विहिरीत पोहताना शुद्ध गेली, तरी सांगा. काहींच्या हृदयाच्या विजेत जन्मतः दोष असतो, तो असाच बाहेर पडतो. पाच-सहा दिवस ताप-सर्दी झाली आणि मागोमाग छातीत दुखायला लागलं, दम लागायला लागला, आडवं पडलं की दुखणं वाढतं आणि पुढं वाकून बसलं की बरं वाटतं, तर हृदयाच्या आवरणाला किंवा स्नायूला सूज आलेली असू शकते. तेव्हा ‘भरून काढायला’ दुप्पट राउंड मारणं म्हणजे आगीत रॉकेल. उंच, शिडशिडीत मुलाला अचानक एका बाजूला कळ येऊन दम लागला, तर फुप्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते. हे हृदयाचं नाही, पण दवाखान्यात त्याच तासाला जायचं.

आणि एक प्रश्न घरी विचारायचा. आपल्या रक्ताच्या नात्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का? ‘काका झोपेतच गेले’, ‘आत्याचा मुलगा विहिरीत बुडाला, पोहता येत होतं तरी’, ‘मामा मळ्यात पडले ते उठलेच नाहीत.’ अशा गोष्टी घरोघरी असतात आणि त्या नशिबाच्या खात्यावर जमा केलेल्या असतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार पाचशेत एकाला असतो. त्यातल्या बहुतेकांचं आयुष्य नीट जातं, पण तो आहे हे माहीत असावं लागतं.

माहीत झालं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. अन्वर अली हे नाव फुटबॉलवाल्यांना माहीत असेल. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला बचावपटू. २०१९ मध्ये, वय अवघं १९, मुंबईच्या क्लबसाठी तपासण्या झाल्या आणि हाच हृदयाचा आजार निघाला. खेळ थांबला. फुटबॉल महासंघ नको म्हणाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांची मतं घेतली गेली. पुढं तो एफसी गोवाकडून उतरला आणि २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातही आला. प्रत्येकाच्या बाबतीत निर्णय असाच लागेल असं नाही. काहींना खेळ सोडावाच लागतो. पण त्यानं जो निर्णय घेतला तो सगळं माहीत असताना घेतला. लपवून पळण्यात तो हक्कच आपण घालवतो.

आता परंड्याच्या बातमीतल्या त्या गाळलेल्या वाक्याकडे येतो. लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली बरीच मुलं-मुली आज तुमच्या वर्गात आहेत. हृदयाला भोक होतं, ते बुजवलं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमधून तपासण्या होतात आणि अशी मुलं सापडतात, त्यांची ऑपरेशनं सरकारी खर्चानं होतात. चांगली योजना आहे. पण ती १८ वर्षांपर्यंत. अठरा पूर्ण झाली की तुम्ही त्या यादीतून बाहेर आणि कॉलेजात आत. फाइल गावाकडच्या ट्रंकेत. ‘लहानपणी झालं होतं, आता ठणठणीत आहे,’ असं म्हणत वर्षं जातात. शस्त्रक्रियेच्या जागी राहिलेल्या व्रणातून पुढं कित्येक वर्षांनी ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, झडप पुन्हा आवळू शकते. अशांनी काही त्रास नसला तरी ठरल्या मुदतीनं हृदयरोगतज्ज्ञांना दाखवत राहायचं असतं. तुमच्या छातीवर व्रण असेल आणि तो कशाचा हे नीट माहीत नसेल, तर आजच आईला फोन करा. संधिवाताच्या तापाचंही विचारा. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग गुडघे, घोटे आळीपाळीनं सुजले, आणि डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं होतं, असं असेल तर ती इंजेक्शनं कुणाच्या सांगण्यावरून थांबवली हे विचारा. बहुतेक घरांत ती कुणीच थांबवलेली नसतात. गाडीभाडं आणि सुगी यांच्यामध्ये कुठंतरी ती राहून गेलेली असतात.

‘हे सगळं कोरोनाच्या लसीमुळं’ असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणणारच, म्हणून तेही सांगतो. आयसीएमआरनं देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीनं हाच प्रश्न तपासला. १८ ते ४५ वयाच्या, वरकरणी निरोगी असताना अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना त्याच वयाच्या, त्याच भागातल्या २,९१६ जणांशी केली. लसीमुळं धोका वाढल्याचं दिसलं नाही. ज्यांनी दोन डोस घेतले त्यांच्यात तो कमीच होता. वाढलेला दिसला तो कोरोनानं दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू झालेल्यांत, नशा करणाऱ्यांत, आणि मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत भरमसाट दारू प्यायलेल्यांत किंवा अंग मोडून व्यायाम केलेल्यांत. शनिवारी पार्टी आणि रविवारी पहाटे ‘घाम काढून टाकू’, हा आपला आवडता कार्यक्रम त्यात बरोबर बसतो.

जायचं कुठं? आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात. ईसीजी तिथं होतो. पुढं धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि तिथून गरज पडली तर सोलापूर किंवा लातूर. शस्त्रक्रियेपर्यंत गेलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. डॉक्टरांना मावा, सिगारेट, जिममधली पावडर, एनर्जी ड्रिंक, सगळं खरं सांगा. ते तुमच्या वडिलांना फोन करत नाहीत. आणि पट्टी जपून ठेवा. थर्मल कागद हळूहळू पांढरा पडतो, म्हणून फोटो काढून ठेवा. पुढच्या डॉक्टरला जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून बघायची असते.

राहिलं ते कोसळलेल्या माणसाचं. आपल्या बातम्यांत सगळ्यालाच ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणतात, पण गोष्टी दोन आहेत. बोअरचा पाइप चोक होणं वेगळं आणि लाइट जाऊन मोटर बंद पडणं वेगळं. हार्ट ॲटॅक म्हणजे पाइप चोक. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम असतो, बोलतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे मोटर बंद. माणूस धाडकन पडतो, हाक मारली तर उठत नाही, श्वास चालत नाही किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतो. हातपाय झटकले जातात म्हणून लोकांना फिट वाटते आणि कांदा, चप्पल शोधायला पळापळ होते. तोंडावर पाणी, भोवती गर्दी, आणि चार जण व्हिडिओ काढणारे. एरिक्सन वाचला कारण मैदानातच छाती दाबायला सुरुवात झाली आणि विजेचा शॉक देणारं मशीन हाताशी होतं. आपल्या कॉलेजात ते मशीन नसेल, हात तर आहेत.

एकानं १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्यानं माणसाला कडक जमिनीवर उताणं करून छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवायचा, कोपर ताठ, आणि पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल असं दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडेल का याचा विचार नंतर. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा तिसऱ्यानं जागा घ्यायची, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किंवा माणूस हलेपर्यंत आळीपाळीनं चालू ठेवायचं. एनएसएसच्या पुढच्या कॅम्पला वृक्षारोपणाच्या आदल्या दिवशी तासभर हे शिकवायला तालुक्याच्या रुग्णालयातून कुणाला बोलवता येईल, ते तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा.